टाकीतलं पाणी

मातेच्या कडू चहाचा पेला फिरवत राहा, पण कान इकडे. ही गोष्ट एलेउतेरिओनं स्वतः मला सांगितली, आणि त्यात त्याची शोभा काही नव्हती. म्हणून मी खरी मानतो.

शुक्रवार, तेवीस मार्च, रात्रीचे नऊ वीस. घरातली मातेची पत्ती संपली म्हणून त्याच्या बायकोनं, नेलिदानं, त्याला विमानाच्या हँगरवर पिटाळलं. तिथं एखादा पुडा असायचाच. हा तिथला मेकॅनिक. भातावर औषध मारायचं विमान याच्या देखरेखीखाली. उडवायचा मात्र फाबिओ.

हा फाबिओ रोज पहाटे याच्या घरावरून जाताना पंख हलवायचा, आणि नेलिदा अंगणातून फडकं हलवायची. बस, एवढंच. पण याच्या पोटात दुखायचं.

"तेल मी बदलतो, आणि बायको माझी फडकं त्याला दाखवते," मला म्हणाला.

"अरे, तो माझ्या गायींनासुद्धा पंख हलवतो."

"तुझ्या गायी लाजत नाहीत."

तुम्हाला ठाऊक आहे, उडण्याआधी टाकीखालून थोडं पेट्रोल ग्लासात काढून बघतात. तळाला पाण्याचा थेंब दिसला तर विमान जागचं हलवायचं नाही. जानेवारीत एका पहाटे याला तो थेंब दिसला.

फाबिओनं विचारलं, "काय रे, स्वच्छ?"

हा म्हणाला, "स्वच्छ."

मारायचं नव्हतं त्याला. शेतात उतरावं लागेल, चिखलात बसेल, नेलिदा हसेल, एवढंच मनात होतं. पण इंजिन झाडांवर बंद पडलं, आणि फाबिओ गेला. स्वभावाला औषध नाही, पोरांनो.

तर त्या शुक्रवारी पुडा घेऊन तो मोटरसायकलवर परत निघाला. मागून इंजिनाचा आवाज आला. खाली. फार खाली. त्यानं गाडी थांबवली. वर पाहिलं. दिवा नाही. काहीच नाही. डोक्यावर येऊन इंजिन खोकलं... आणि बंद.

नुसती पंखांवरून जाणारी हवा. त्याच्या घराकडे...

आदळेल म्हणून तो ऐकत राहिला. आदळलं नाही.

घरी आला, तर नेलिदा अंगणात उभी. हातात फडकं.

"आत्ता कोण गेलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग हा औषधाचा वास..."

त्यानं पुडा तिच्या हातात दिला. भीती नंतर वाटली म्हणे. आधी जळला तो. मेला तरी आला, आणि तिच्याकडेच आला.

आठवडाभरात अंगणातलं गवत करपलं. मी स्वतः बघायला गेलो. सरळ पट्टा, रस्त्यापासून थेट विहिरीपर्यंत, अठरा पावलं रुंद. मध्ये नेलिदाची गुलाबाची तीन झाडं. त्यांच्या वीतभर अलीकडे पट्टा तुटला होता, आणि वीतभर पलीकडे पुन्हा सुरू. झाडांचं एक पानही पिवळं नव्हतं. उडत्या विमानातून इतक्या नेमक्या जागी फवाऱ्याचा नळ बंद करून उघडणारा हात आपल्याकडे एकच होता.