बेरजेत जास्त आलेली

हसायचं असेल तर हसा, पण ही घडलेली गोष्ट आहे. तीही अमावस्येच्या रात्री वगैरे नाही. कंपालात, भर दुपारी, माणसांनी गजबजलेल्या ऑफिसात.

नाकातोचं काम मशीनचा खोटेपणा पकडायचं. एका हॉस्पिटलचा डेटाबेस चुकीची उत्तरं देत होता. तिची रीत साधी. एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारायचा. उत्तरं जुळली नाहीत, की चोर सापडला.

आधी तिने विचारलं, एकूण पेशंट किती? मग वेगवेगळं विचारलं. जिवंत किती, मेलेले किती, ज्यांचं काही कळलं नाही असे किती?

बेरीज जुळेना.

एकूण आकडा एकाने जास्त येत होता... कुणीतरी एक या तिन्हींत कुठेच नव्हतं.

"भूत पकडलंस बाई!" शेजारचा किगुंडू खिदळला. "आता त्याला चहा पाज."

तिने ती नोंद उघडली.

नाव बाबिर्ये. गाव तिचंच. आई तिचीच.

नाकातोने नाव पुन्हा वाचलं. बाबिर्ये तिची जुळी बहीण, तिच्याआधी जन्मलेली. जुळं मूल मेलं असं तिकडे कुणी म्हणत नाही, उडून गेलं म्हणतात. बाबिर्ये तान्ही असतानाच उडून गेली, हेच ती आईच्या तोंडून ऐकत आली होती.

नोंदीत शेवटची भेट मात्र याच वर्षीची होती. सोबत आलेली व्यक्ती... आई.

तिने घरी फोन लावला.

"आई, बाबिर्ये गेली तेव्हा केवढी होती?"

"तीन महिन्यांची. आज काय हे मध्येच?"

मग तिने तोच प्रश्न फिरवून विचारला.

"आणि मला चालायला कुणी शिकवलं गं?"

"तिनंच की. तुझं बोट धरून..."

आई थांबली.

पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं... तो आवाजही थांबला. आई तर एकटीच राहत होती.

"इतकी वर्षं मला फसवलंस?" नाकातोचा आवाज चिरकला. "माझीच बहीण माझ्यापासून लपवलीस?"

"काय सांगणार होते तुला? दोघी तापाने फणफणत होतात. एकच वाचेल, डॉक्टर म्हणाले. मी देवाकडे... तिला मागितलं होतं."

तिला. नाकातोला नाही. जिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, त्याच आईने तिला सोडून दिलं होतं.

"मग मी कशी वाचले?"

फोनवर दुसरंच कुणीतरी बोललं... आवाज हुबेहूब नाकातोचा.

"तुला मी मागितलं."

फोन कट झाला.

डेटाबेसमधली ती चूक आजवर कुणाला सापडलेली नाही. नाकातोने आईशी बोलणं टाकलंय. तरी दर रविवारी ती घरी फोन लावते...

आई "हॅलो" म्हणाली, की ठेवून देते.