आभाराच्या ओळीतली दुरुस्ती

आमची पहिली भेट जिन्यात झाली. लिफ्ट बंद होती, बाहेर पावसाची रिपरिप चालू होती, आणि तो दोन्ही हातांनी बर्फाचा डबा छातीशी धरून वर चढत होता. चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर आलेला.

"एक मदत कराल?" तो धापा टाकत म्हणाला. "चष्मा जरा वर सरकवता? डबा खाली ठेवला तर आतल्या नळ्या हलतील, आणि चष्मा पडला तर मीच पडेन."

मी एका बोटाने चष्मा वर सरकवला.

"हां... आता दिसलं."

"काय?"

"जिना," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला. "आणि बाकीचंही."

मी तीन मजले उगाचच हसत चढले.

सोमवारी कळलं, क्षयाच्या हट्टी जंतूंवर नवी गोळी शोधणारा संशोधक तो हाच. आणि त्याच्या चाचणीची फार्मासिस्ट मी! दोनशे बारा रुग्ण. सगळ्यांना नेहमीचे उपचार होतेच; शिवाय निम्म्यांना नवी गोळी, आणि निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कुणाच्या बाटलीत काय आहे, ते फक्त माझ्या यादीत. रुग्णांना ते कळायचं नव्हतं, आणि त्याला तर मुळीच नाही. त्याला नुसता सुगावा लागला असता तरी दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती.

तो रोज चार वाजता औषधांच्या खिडकीवर नोंदवहीत सही करायला यायचा. मध्ये जाळी. मी जाळीपेक्षा कडक.

"पाऊस कधी थांबेल? की तेही सीलबंद?"

"सही इथे करा."

"तुम्ही जेवलात का, एवढं तरी विचारू शकतो?"

"खालच्या ओळीत तारीख राहिली आहे."

तो मान खाली घालून तारीख घालायचा, आणि मी त्याच्या कपाळावरचे ओले केस बघून घ्यायची. तेवढंच काय ते माझं सुख.

पाचव्या महिन्यात घात झाला. त्या दिवशी तो शर्टाची बटणं वरखाली लावून आला होता. एक कॉलर कानाशी, दुसरी खांद्यावर... मला हसू आवरलंच नाही. अगदी मनापासून हसले मी. तो बघतच राहिला. मग त्याची नजर माझ्या हातातल्या बाटलीकडे गेली, आणि त्याचा चेहरा उजळला.

संध्याकाळी तो एका डॉक्टरांना सांगत होता, "लागू पडतंय! तिच्या चेहऱ्यावर दिसलं मला."

आता हा प्रत्येक रुग्णाकडे याच नजरेने बघणार! दुसऱ्या दिवशी मी त्याला सुनावलं, "माझ्या चेहऱ्यावरून निष्कर्ष काढू नका. कोण बरं होतंय ते मला ठाऊकच नसतं."

तो ओशाळला. मग हळूच म्हणाला, "मग... हसलात कशाला?"

मी नोंदवही मिटली. त्यानंतर खिडकीवर कधीच हसले नाही.

वहिनीने मात्र मला दोन घासांत ओळखलं. "सांगून टाक ना त्याला!"

"आणि त्याने पुन्हा भलताच अर्थ काढला तर? चाचणी संपली की सांगेन."

"कधी संपणार?"

"दीड वर्षाने."

"बरं. तोवर मी आजी होते," वहिनी म्हणाली. तिचा मुलगा तेव्हा तिसरीत होता.

दीड वर्षाने यादी उघडली. नव्या गोळीने जितके बरे झाले, तितकेच त्या दुसऱ्या गोळीने. म्हणजे नव्या गोळीने काहीच साधलं नव्हतं. तो बराच वेळ आकडे बघत बसला. मग म्हणाला, "फसलं तेही छापायला हवं. नाहीतर आणखी कुणीतरी याच भिंतीवर डोकं आपटेल." मला तो तेव्हा इतका आवडला, की डोळे भरून आले.

पण त्याला दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेने बोलावलं होतं. शेवटच्या दिवशीही तो चार वाजता खिडकीवर आला. सवयीने खिशातून पेन काढलं.

"सही कुठे करू?"

"आज... सही नाहीये."

"हो ना," तो म्हणाला, आणि थोडा थांबला. बोल ना गं बाई, मी मनात ओरडत होते. दोन वर्षं आवळून धरलेले ओठ सुटेचनात. तो गेला.

तीन महिने रोज चार वाजता मी जाळीबाहेर बघत होते. काम असो, नसो.

मग एक फॉर्म आला. त्याचा लेख छापून येणार होता. लेखात कुणाचे आभार मानायचे, तर त्या माणसाची लेखी संमती लागते, असा त्या मासिकाचा नियम. आभाराची ओळ अशी होती: 'दोन वर्षं चेहऱ्यावर काहीही उमटू न देता यादी सांभाळणाऱ्या फार्मासिस्टचे आभार.' खाली दोन चौकोन. मान्य. दुरुस्ती.

मी कितीदा तरी ती ओळ वाचली. मग 'दुरुस्ती'वर खूण केली आणि लिहिलं:

'काहीही, हे बरोबर नाही. पाचव्या महिन्यात एकदा उमटलं होतं. कशाला हसलात, असं लेखकाने विचारलं होतं. लेखकाला बघून हसले. गोळ्यांचा संबंध नाही.'

धीर खचायच्या आत पाठवून दिलं.

पहिला दिवस गेला... दुसराही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं:

'दुरुस्ती मान्य. पण या चेहऱ्याने मला एकदा फसवलंय, त्यामुळे आता स्वतः तपासल्याशिवाय छापणार नाही. शनिवारी चार वाजता खिडकीवर येतो. दोन्ही हातांत सामान असेल. चष्मा तुम्हालाच सावरावा लागेल.'

शनिवारी आमची खिडकी बंद असते. मी किल्ली मागून घेतली.