चंद्रा ओळखेल का?

"सर, ही गोळी घेऊन आम्ही घरी गेलो, तर आमची म्हैस आम्हाला ओळखेल का?"

शर्वरी मगदूमने उभं राहून, मोठ्याने, एकाही शब्दावर न अडखळता विचारलं. टाल्को राष्ट्रीय उद्यानाच्या स्वागतकक्षात बसलेली सगळी माणसं एकदम हसली. सोबत आलेल्या खोतकाकांनी तर समोरच्या खुर्चीवर थापाच मारल्या.

"अभिनंदनराव, म्हशीचा पण पासपोर्ट काढायचा हुता की!"

शर्वरीचे पप्पा कसनुसे हसले. "बस खाली," ते दातातल्या दातात म्हणाले.

ती बसली, पण हातातल्या फोनमध्ये सगळं रेकॉर्ड झालं होतं. पैज जिंकली होती! दहावी 'ब'च्या सात जणींनी निघताना तिला बजावलं होतं: "तिथल्या साहेबासमोर उभी राहून प्रश्न विचारून दाखव, आणि तोही आम्ही सांगू तोच." गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही शर्वरीचा आवाज घशात अडकायचा. मग जूनमध्ये तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ती उभी राहिली, बोलली, चक्क पहिली आली. आणि पप्पांच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हापासून तिच्या तोंडाचा नळ बंदच झाला नव्हता.

समोर ग्रेसन नावाचा तरुण उभा होता. त्याच्या छातीवर 'अनुभव अधिकारी' असा बिल्ला होता. तो इंग्रजीत बोलला आणि प्रत्येकाच्या कानातल्या दुभाष्याने, म्हणजे हरभऱ्याएवढ्या यंत्राने, त्याची मराठी करून दिली. दुभाष्याची मराठी अशी कडक इस्त्रीची होती की आई पहिल्या दिवशी त्याला "अहो-जाहो" करत होती.

"अतिशय गोड प्रश्न," दुभाषी म्हणाला. "आजच्या सौम्य गोळीचा गंध चोवीस तासांत नाहीसा होतो. आपल्या महिषीने निश्चिंत असावे."

पुन्हा हशा.

हे वीस जण म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त दूध घालणारे उत्पादक आणि त्यांच्या घरची माणसं. एका पशुखाद्य कंपनीने बक्षीस म्हणून त्यांना जगाच्या या टोकाला आणलं होतं. इथून उत्तरेला रस्ते संपत होते. पुढे नुसती खुरटी झाडं, दलदल, नद्या आणि बर्फ. त्या रानात कुंपण नाही, बंदूक नाही, आणि तरी दहा वर्षांत एकाही पाहुण्याला ओरखडा नाही. कारण ग्रेसनच्या हातातल्या ट्रेमधली निळी गोळी.

ती कशी काम करते ते ग्रेसनने सोपं करून सांगितलं. पाडसाने जन्मात वाघ पाहिला नसला तरी वाघाच्या वासाने ते थरथरतं. ही भीती रक्तातच असते. शास्त्रज्ञांनी सगळ्या शिकारी प्राण्यांच्या वासांमधून एक वास घडवला होता, अस्वलालाही मागे हटवणारा. त्याचं नाव भयगंध. गोळीतले जिवाणू आतड्यात वस्ती करतात आणि तो वास माणसाच्या घामातून बाहेर पडतो. माणसाच्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. आज सौम्य गोळी आणि पायी फेरी. उद्या लाल, जास्त कडक गोळी, मग होडीने नदीपार जाऊन मासे धरणारी अस्वलं तीस फुटांवरून बघायची; माशांच्या लोभाने ती हलत नाहीत, पण वासामुळे जवळही येत नाहीत.

"मात्र गटातील प्रत्येकाने गोळी घ्यावी," दुभाषी म्हणाला. "एकाने जरी नाकारली, तरी प्राणी नेमका त्याच्याकडे आकर्षित होतो. मग कोणालाच जाता येत नाही."

सगळ्यांनी निळी गोळी घेतली. शर्वरीनेही. आईने तर प्रसाद घ्यावा तशी तळहातावर घेतली.

*

पायवाट फळ्यांची होती. खाली काळं पाणी, वर डासांचे ढग. शर्वरीला वाटलं होतं, रान म्हणजे किलबिल, खसफस, कुणीतरी झुडपातून डोकावणं. पण त्यांच्या पुढेपुढे रान रिकामं होत चाललं होतं. पक्षी उडून जात होते. कुठेतरी काहीतरी जड पाण्यात उडी मारून निघून जात होतं. कुणाच्या घरी जावं आणि आतून पटापट कड्या लागत जाव्यात, तसं वाटत होतं.

वळणावर तळं लागलं. तळ्यात मूस, म्हणजे तिकडचं अवाढव्य हरीण, उभी होती, उंच पायांवर चढवलेली म्हैसच जणू. शेजारी तिचं पिल्लू, चिखलात गुडघ्यापर्यंत.

"आई गं, रेडकू!" शर्वरी कुजबुजली.

तेवढ्यात वारा त्यांच्या पाठीमागून सुटला.

मूसने मान वर केली. तोंडातलं शेवाळ तसंच लोंबत राहिलं. डोळ्यांतलं पांढरं दिसलं आणि ती उधळली; पाणी फोडत, झाडं मोडत, सरळ पलीकडे. पिल्लाचे पाय चिखलात रुतले होते. ते ओरडलं. बारीक, नाकातून. पुन्हा ओरडलं. आई थांबली नाही.

फळीवरची ही सगळी गोठ्यात वाढलेली माणसं होती. व्यायलेल्या म्हशीच्या रेडकाजवळ अनोळखी कुत्रं गेलं तर ती दावं तोडून अंगावर जाते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

"मागं वळून पण बघितलं नाही गं तिनं," आई हळूच म्हणाली.

"उत्कृष्ट क्षण!" कानातला दुभाषी म्हणाला. "छायाचित्रे अवश्य घ्यावीत."

"ती परत येईल ना?" शर्वरीने विचारलं.

"गंध विरल्यावर. बहुधा."

"बहुधा म्हणजे?"

ग्रेसनच्या ओठांवरचं हसू जागच्या जागी राहिलं, डोळ्यांतलं गेलं. "आपण पुढे चालावे," दुभाषी म्हणाला.

खोतकाकांनी घसा खाकरला आणि फोटो काढला. मग सगळ्यांनीच काढले.

*

निवासाच्या अंगणात सूप राहत असे. सूप म्हणजे करड्या केसांचा, एक कान मुडपलेला कुत्रा. काल संध्याकाळी, सगळे नुकतेच पोहोचले होते तेव्हा, तो शर्वरीच्या मांडीवर डोकं ठेवून तासभर पडून होता. निवास सांभाळणारी एडना ते दारातून बघत होती. उपाशी माणसाने दुसऱ्याचं ताट बघावं तशी. साठीची, उंच, फारसं न बोलणारी बाई.

आज फेरीवरून आल्या आल्या शर्वरीने शीळ घातली. सूप धावत आला. पंधरा पावलांवर तो भिंतीवर आपटल्यासारखा थांबला. पाठीवरचे केस उभे राहिले. पायांखाली ओलं झालं. मग एक लांब, कळवळलेला आवाज काढून तो उलट्या ठेवलेल्या होडीखाली शिरला.

"सूप, मी आहे रे! कालची!"

होडीखालून नुसती गुरगुर आली.

एडना ताटली घेऊन आली. ती जमिनीवर ठेवून तिने एका लांब वल्ह्याने होडीकडे सरकवली, रोजच्या सवयीने, थेंबही न सांडता. शर्वरीला आठवलं, कालही तिने असंच केलं होतं.

"तुम्ही पण गोळी घेता?"

"आठ वर्षं घेतली. पाहुण्यांबरोबर नदीवर जायचं तर घ्यावी लागायची." एडना इतकं तुटक बोलत होती की दुभाष्यालाही त्याला इस्त्री करता येईना. "बंद करून दोन वर्षं झाली."

"आणि?"

एडनाने वल्हं उचलून दाखवलं. "आणि हे."

"पण ते तर चोवीस तास म्हणाले!"

"कुणी बघितलं? इथे येतात ते शहरातले. घरी जातात. घरात काय असतं? सोफा असतो. सोफा पळून जात नाही."

"एकदाच घेतली तरी राहतो वास?"

"कुणाचा जातो. कुणाच्या अंगात मुरत असेल. मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही. विचारणारं कुणी आलंच नव्हतं." एडनाने तिच्याकडे नीट पाहिलं. "सकाळी तू विचारलंस."

मैत्रिणींनी गंमत म्हणून दिलेला प्रश्न आता शर्वरीच्या डोक्यातून हलेना. घरी चंद्रा होती. बक्षीस पप्पांच्या नावावर मिळालं होतं, पण चंद्रा आईच्या हाताची म्हैस. पप्पा धारेला बसले की ती लाथ झाडायची, गडी बसला की पान्हा चोरायची. आईने "हो बाई, हो" म्हणत कासेला हात लावला की मात्र बादलीत धार वाजायला लागायची. सध्या ती गाभण होती, आटली होती, म्हणून तर आईला लग्नानंतर पहिल्यांदा आठ दिवस घर सोडता आलं. परत गेल्यावर आठवड्याभरात ती विणार होती.

आणि शर्वरीच्या डोळ्यांसमोर ती मूस पुन्हा पुन्हा उधळत होती.

*

दुसऱ्या दिवशी साडेदहाला सगळे निवासासमोरच्या धक्क्यावर जमले. चोवीस तास होऊन वर दीड तास झाला होता. नदी राखाडी, वारा बोचरा. ग्रेसनच्या ट्रेमध्ये वीस पेल्या आणि प्रत्येक पेलीत एक लाल गोळी.

"आधी सूपला विचारू या," शर्वरी म्हणाली.

"कुणाला?" पप्पा.

"कुत्र्याला. वास गेला की नाही ते त्यालाच कळेल. एकेकाने लांब जाऊन बसायचं आणि त्याला बोलवायचं. पाच मिनिटांचं काम आहे."

"वेळापत्रकात तशी तरतूद नाही," दुभाषी म्हणाला.

"मग करा की तरतूद!" म्हणत शर्वरी चालायलाही लागली. पन्नास पावलांवर वाळूत बसून तिने शीळ घातली. सूप होडीखालून निघाला. पोट जमिनीला घासत, थांबत, नाक उचलत आला. तिच्या बोटांशी थबकला. मग त्याची ओली जीभ तिच्या मनगटावर फिरली आणि शर्वरी मोठ्याने हसली.

"झालं समाधान?" खोतकाका स्वतःच चालत आले. सूपने त्यांची चप्पल हुंगली, शेपूट हलवली. "बघा! उगंच पोरीनं सगळ्यांचा जीव टांगणीला लावला." पप्पा आले. सूपने त्यांनाही हुंगलं, त्यांच्या पायाला अंग घासलं. पप्पांचा चेहरा जरा सैल झाला.

"आई, तू ये."

"मला कशाला गं," आई म्हणाली, पण आली. वाकून तिने हात पुढे केला, चंद्रापुढे करायची तसाच, तळवा वर. "हो बाई, हो," ती म्हणाली.

सूपची शेपूट पोटाशी गेली. तो एक पाऊल मागे सरला. दात दिसले. आणि तो पळाला, थेट होडीखाली.

आईचा हात हवेतच राहिला.

"कुत्रं ते," पप्पा घाईघाईने म्हणाले. "त्याला काय कळतंय?"

"आत्ता तर कळत होतं," शर्वरी म्हणाली.

"वहिनी, दोन-चार तास इकडं-तिकडं व्हायचंच," खोतकाका म्हणाले, पण आईपासून ते थोडे लांब सरकले होते. स्वतःच्याही नकळत.

"एखाद्या श्वानाच्या वर्तनावरून निष्कर्ष काढू नयेत." ग्रेसन आता हसतही नव्हता. "होडी दहा मिनिटांत सुटेल. एकाने नकार दिल्यास फेरी सर्वांसाठी रद्द होईल."

मग सगळे तिच्यावर तुटून पडले.

"सात समुद्र ओलांडून आलो ते हिचं नाटक बघायला?"

"असल्या पोरीला आणायचंच नव्हतं."

"स्पर्धेत एक कप काय मिळाला, लागली भाषण ठोकायला!"

पप्पांचे कान लाल झाले होते. "शर्वरी, गोळी घे. चार माणसांत माझी मान खाली घालू नकोस. घे म्हणतो ना!"

वर्षभरापूर्वी तिने घेतली असती. आता तिने आईकडे पाहिलं. आई स्वतःचा तळवा बघत होती, त्यावर काही लिहिलेलं असावं तसा. मग सगळे बघताहेत हे लक्षात येऊन तिने तोच हात ट्रेकडे नेला. पुढे केलेलं कधीच नाकारायचं नाही, अशी तिची जन्माची सवय.

शर्वरीने आईच्या पेलीवर हात ठेवला.

आई हळूच म्हणाली, "आणि चंद्रानं मला ओळखलंच नाही तर गं?"

होडीचं इंजिन सुरू झालं होतं. पलीकडच्या काठावर एक अस्वल येऊन उभं राहिलं होतं, पण कुणीही तिकडे बघत नव्हतं. शर्वरीने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला सुरुवात केली.

"पप्पा, आई, ऐका. मी ही गोळी घेत नाही आणि आईलाही घेऊ देणार नाही. ज्यांना राग यायचाय त्यांनी खुशाल रागवा. घरी गेल्यावर गोठ्यात पहिली मी जाणार. पप्पा, तुम्ही मध्ये यायचं नाही. आई, तू उंबऱ्याबाहेर बसायचं. चंद्रा तुझ्या वासाला बुजली, तर तिचं बाळंतपण मी करणार. धार मी काढणार, रोज पहाटे, दहावी असली तरी. हात कुठे ठेवायचा, किती दाबायचं, ते तू बाहेरून सांगायचं. आणि 'हो बाई, हो' मात्र तूच म्हणायचं." ती आईकडे वळली. "तुझ्या आवाजाला तर वास नाही ना, आई?"