रातपाळीची बदली

बाबांना म्हापशाला आमच्या फ्लॅटवर न्यायचं, एवढ्याच कामासाठी मी डिचोलीजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. डॉक्टरांनी आशा सोडली होती. सकाळी गाडी येणार होती. रात्र तेवढी काढायची होती.

दिवा मालवला आणि तो आवाज सुरू झाला. आवाज तरी कसा म्हणू? कानाला कमी, छातीला जास्त. घूंऽऽ... एकसुरी, खोल, जमिनीखालून आल्यासारखा. उशीत डोकं खुपसलं, तर उशीतूनही तोच. फ्रिजची पिन काढली, तरी थांबेना. बाहेर येऊन पाहिलं. रस्त्यावर गाडी नाही, कुठे दिवा नाही. काजूच्या बोंडांचा आंबूस वास तेवढा. घरामागच्या खाणीच्या खड्ड्यात काळं पाणी निपचित पडलेलं. खाण बंद पडून कितीतरी वर्षं झाली. पाणी उपसायचा पंप भंगारात जाताना मी डोळ्यांनी पाहिला होता.

आत आलो तर बाबा जागे. त्याच पंपावर उभं आयुष्य गेलं, त्यात त्यांचे कान कधीच गेले होते. भिंतीला तळहात टेकवून ते पडले होते.

"तुका येता मां आयकाक?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"सगुण असा तो..." बाबा थांबत थांबत बोलू लागले. "तू जल्मलंस त्या राती माझी पाळी. बदली येयसर पंप सोडूचो नाय, असो नेम. मी तुका मांडयेर घेवन बसलंय... आदल्या पाळीचो सगुण थांबलो. पहाटे दरड कोसाळली तेच्यार."

चौतीस वर्षांत हे त्यांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं.

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "तुमचा काय दोष, बाबा..."

"तुका सोडून उठाक मनच होईना रे." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "पण तो वाट बघता... माका जरा बसव."

मी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं आणि त्यांचा हात धरून राहिलो. डोळा कधी लागला, कळलं नाही.

पहाटे आवाज थांबला. त्या शांततेनंच जाग आली. चार-पाच श्वास गेले असतील... आणि पुन्हा घूंऽऽ सुरू झालं. माझ्या हातातला बाबांचा हात गार पडला होता.

मी पोरासारखा मोठ्यानं रडलो. ओसरीवर पावलं वाजली. पलीकडच्या घरातली यशोदाकाकू आली होती, सगुणकाकांची बायको. ते गेल्यापासून उघड्या कपाळानं वावरलेली. आज तिच्या कपाळावर ओलं कुंकू होतं, केसांत आबोलीचा वळेसर. तिनं बाबांना हात जोडले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ओठांवर बोट नेलं.

"हळू रड, पुता..." ती कुजबुजली. "रातपाळी करून इलेत ते. आताच डोळो लागलो."