'उतर' म्हणायचे राहिले

कर्दनगडाच्या तटावर उजाडले तेव्हा दरीतले धुके विरून खाली वेढा घालून बसलेल्या बेगाच्या फौजेच्या राहुट्या दिसू लागल्या होत्या, नौबत नित्याप्रमाणे झडत होती, आणि सदरेमागच्या दालनात किल्लेदार सिदोजीराव दळवी यांनी तापात नुकताच प्राण सोडला होता.

ही बातमी फुटती तर उपासाने टेकीला आलेल्या शिबंदीने दरवाजा उघडला असता, आणि बेगाने गडावर एक पोरही जिवंत ठेवले नसते. म्हणून त्यांच्या पत्नी तुळजाऊ यांनी कपाळीचे कुंकू तसेच ठेवले, दालनाला कुलूप घातले आणि गोंदा बहुरूप्याला बोलावले. शिमग्याला गडावर येऊन वेढ्यात अडकलेला हा गोंदा किल्लेदारांचे सोंग असे वठवी, की खुद्द सिदोजीराव पोट धरून हसत.

सारे ऐकून तो म्हणाला, "बाईसाहेब, आमची रीत ठावं हाय न्हवं? सोंग चढलं की यजमानानं 'उतर' म्हटल्याबिगर उतरत न्हाई."

"ठाऊक आहे. संकट टळताच मीच म्हणेन."

काल ज्या हवालदाराने भाकरीच्या तुकड्यासाठी गोंदाला नाचवले होते, त्याचीच आज किल्लेदारांच्या अंगरख्यातल्या गोंदाने बुरुजावर अशी खरडपट्टी काढली, की तो बिचारा मुजऱ्यावर मुजरे घालू लागला. तुळजाऊंना हसू आले आणि लगेच त्या हसण्याची लाजही वाटली.

दुपारी बेगाचा वकील अट घेऊन आला. एकट्या किल्लेदाराने स्वाधीन व्हावे. बाकीच्यांना बायकापोरांसह वाट मिळेल. सगळ्यांचे डोळे 'किल्लेदारां'कडे लागले.

दरवाजाशी तुळजाऊंनी ओवाळायला तबक उचलले. गोंदाने मान लववली आणि स्वतःच्या आवाजात हळूच विचारले, "काय आज्ञा, बाईसाहेब?"

एक शब्द पुरे होता. पण पाठीशी कडेवर पोरे घेऊन बायका उभ्या होत्या. तुळजाऊंनी त्याला ओवाळले.

"लवकर यावं," त्या कशाबशा म्हणाल्या.

गोंदाने लववलेली मान ताठ केली. मग सिदोजीरावांच्या आवाजात म्हणाला, "पोरांना सांभाळा. आम्ही निघतो." चालही त्यांचीच होती.

बेगाने शब्द पाळला. लोक सुखरूप उतरले आणि 'किल्लेदारां'चे शिर भाल्यावर चढले. त्या सांजेला तुळजाऊंनी बांगड्या फोडल्या. एका रडण्यात दोघांना रडल्या, आणि ते कोणाला सांगताही आले नाही.

पुढे माहेरी, उतारवयात, शिमग्याला दारी बहुरूपी आला की त्या हातचे काम टाकून धावत बाहेर येत. "उतर बाबा, आधी उतर." बहुरूपी खट्टू होई. त्याचे सोंग अजून सुरूही झालेले नसे.