मशेरीचं बोट

कशेळ्याच्या नाक्यावरच्या दातांच्या दवाखान्यात रूपेश पेशंट म्हणून आलाच नव्हता. त्याच्या जीपमधल्या एका म्हातारीचा दात ठणकत होता. तिला हाताला धरून त्यानं आत आणलं, आणि डॉक्टरांच्या मदतनीस दीप्तीकडे बघून हसला... तिथेच फसला. हसणं गोड होतं, पण हिरड्या लालभडक, सुजलेल्या.

"ब्रश करताना रक्त येतं का?"

"मी पेशंट नाय, डायवर हाय."

"येतं का?"

"येतं. म्हनून तर ब्रश सोडला. मशेरी लावतो, बरं वाटतं."

दीप्तीनं कपाळाला हात लावला. दातांच्या मुळाशी किटण साचतं, त्यानं हिरडी सुजते आणि रक्त येतं. ब्रश सोडला की ती आणखी सुजते. भाजलेल्या तंबाखूनं तर नुसतं बरं वाटतं, बरं होत नाही. हे सगळं तिला तोंडपाठ होतं.

डॉक्टरांनी दोन खेपांत किटण काढलं. ब्रश हिरडीशी तिरका धरून हलक्या हातानं कसा फिरवायचा, हे शिकवणं दीप्तीकडे आलं. प्लॅस्टिकच्या जबड्यावर ती दाखवायची आणि रूपेश जबडा सोडून तिच्याकडेच बघायचा.

"दोन वेळा ब्रश करता ना?"

"तीन वेळा."

असं सांगणारे रोज यायचे. दीप्ती मान डोलवायची, विश्वास ठेवायची नाही.

"आणि मशेरी?"

"सोडतो. तुमी कधी लावलीव का?"

"मी? मला वाससुद्धा सहन होत नाही."

सहज बोलून गेली ती. सातवीत असताना आईनं तव्यावर भाजलेली मशेरी पहिल्यांदा बोटाला लागली, तेव्हापासून एक सकाळ चुकली नव्हती. तिच्याही चुळीत रक्त दिसायचं. वर तांब्याभर पाणी ओतलं की झालं.

रूपेशनं मात्र खरंच सोडली. आठवडाभर डोकं धरून बसला, प्रवाशांवर खेकसला. महिन्याभरात हिरड्या गुलाबी झाल्या, 'तुमी'चं 'तू' झालं आणि जीपमधली पुढची सीट दीप्तीची झाली.

"तुज्यासाठी सोडली गं," तो म्हणायचा. ती खिडकीबाहेर बघायची. सोमवारपासून आपणही सोडायची, असं ठरवायची. असे बरेच सोमवार गेले.

एका रविवारी सकाळी ती मागच्या पडवीत बसली होती, तोंड भरलेलं. कुंपणापाशी रूपेश. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा.

"तुज्या आईला विचारायला आलो. पन आधी तुला विचारतो... करशील माज्याशी लगीन?"

ज्या प्रश्नाची ती किती दिवस वाट बघत होती, तो समोर उभा होता, आणि तिला तोंड उघडता येत नव्हतं. तिनं जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

"तोंडानं बोल की," तो हसला.

तिच्याही नकळत तिला हसू फुटलं, आणि ओठाच्या कोपऱ्यातून काळी लाळ हनुवटीवर उतरली. रूपेशचं हसू गेलं. त्यानं तिचं काळं बोट पाहिलं. ती धावत मोरीवर गेली, थुंकली, चूळ भरली...

"रूपेश, ऐक—"

"मशेरीचं काय नाय गं. मी बी लावायचो. सांगितलं असतंस तर दोगांनी मिळून सोडली असती." त्यानं पुडा कुंपणावर ठेवला. "मी डोकं धरून बसायचो तवा तू मला समजावत होतीस. ते आटवतंय."

तो गेला. त्याच दिवशी दीप्तीनं मशेरीचा डबा चुलीत रिकामा केला. आठवडाभर तिचंही डोकं फुटत होतं, समजवायला कुणी नव्हतं.

सहा महिन्यांनी रूपेश दात साफ करायला आला. निरोगी, घट्ट हिरड्या. दीप्तीनं त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

"तू सोडलीस?" त्यानं हळूच विचारलं.

"सोडली. त्याच दिवशी."

रूपेशनं मान डोलावली. मान डोलवायची ती तऱ्हा दीप्तीच्या चांगलीच ओळखीची होती. तीन वेळा ब्रश करतो म्हणणाऱ्यांसमोर ती स्वतः तशीच डोलवायची.