नवरीची गाडी, अकरा टक्के

गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही कराकहून नवरी घेऊन निघालो, तेव्हा गाडीची बॅटरी अकरा टक्के होती. आमचं घर अम्मानला, सव्वाशे किलोमीटर.

चूक आमचीच. सरकारने विजेच्या गाड्यांवरचा कर कमी केल्यापासून आमच्या घराण्यात दुसरी गाडी कुणी घेत नाही. वऱ्हाडाच्या नऊ गाड्या आदल्या संध्याकाळीच अंगणात आल्या, चार्जर एकच. पाहुण्याच्या आधी आपली गाडी लावणं आमच्याकडे कुणाला जमत नाही. नवरदेवाची अर्धीच भरली, आणि त्यातलं बरंचसं कराक गाठण्यातच संपलं.

नवरीचे वडील अबू मितेब आपल्या डिझेल पिकअपला टेकून उभे होते. "कर सरकारने कमी केला. ढकलायला माणसंही सरकारच पाठवणार का?"

मग हसू आवरून म्हणाले, "नवरीची गाडी वाटेत थांबत नाही. थांबली, तर रघद माझ्या पिकअपमधून घरी परत येईल."

म्हणजे वाटेत चार्जिंगही नाही.

गाडी मी चालवत होतो. शेजारी माझा भाऊ नायेफ, नवरदेव, घामाने भिजलेला. मागे रघद आणि आमची फद्दा आत्या. निघाल्या निघाल्या आत्याने गाणं धरलं.

वाटेतल्या कतराना गावापर्यंत बॅटरीचा आकडा हलला नाही. मी वीज कंपनीत मीटर तपासतो. म्हटलं, अडकलाय.

आत्या पाणी प्यायला थांबली. दहा.

"आत्या, गा."

"अरे, माणसाचा घसा आहे, वायर नाही."

"गा, आत्या."

ती गायली. अकरा.

नायेफ हसत सुटला. रघदने टाळ्या धरल्या, मागच्या गाड्यांनी हॉर्नवर ठेका. इतकं हसून मी कधी गाडी चालवली नव्हती.

विमानतळाच्या फाट्यापाशी आत्याचा आवाज बसला. रघद दमून खिडकीबाहेर पाहत होती. नायेफचे ओठ मिटलेले.

गाणं चालूच होतं.



चार वाजून पाच मिनिटांनी दारात पोहोचलो. बायकांनी तांदूळ उधळले. मागोमाग पिकअपमधून उतरलेल्या अबू मितेबने सर्वांदेखत माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. पाय दुखेपर्यंत नाचलो.

रविवारी बॅटरी तपासून घेतली. दोष नाही.

आज दुपारी रघदच्या आईचा कराकहून फोन आला. रघद माझ्यासमोर कॉफी ओतत होती.

"गाडी गुरुवारपासून आमच्या दारातच उभी आहे," त्या म्हणाल्या. "रघदला जरा समजाव, बाबा. नुसती हसतेय, खाली उतरत नाही."